डाव्या पायाचा इतिहास

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनापासून आरंभ करतात आणि चाकांपाशी येऊन थांबतात. इंजिन कोणी घडवले, चाकांना रबरी धावा केव्हा चढल्या, कोणती मोटार कोणत्या शर्यतीत पहिली आली, ह्याची टिपणे पुष्कळ आहेत. पण इंजिन आणि चाके ह्यांच्या मधोमध बसून दोघांची समजूत घालणारा जो एक मध्यस्थ असतो, त्याच्या वाट्याला दोन ओळींपलीकडे काही येत नाही. मोटार शिकायला निघालेल्या माणसाला मात्र हा मध्यस्थ पहिल्याच दिवशी भेटतो. सुकाणू फिरवले की गाडी वळते, ब्रेक दाबला की थांबते. ह्या गोष्टी पोरवयातही कळतात. क्लचचे तसे नाही. तो सोडायचा असतो, आणि सोडायचाही नसतो. शिकवणारा ‘हळू सोडा, हळू सोडा’ म्हणत असतो. हळू म्हणजे किती, हे त्यालाही सांगता येत नाही. गाडी एक आचका देते आणि इंजिन बंद पडते. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागतात.

ही अडचण शिकणाऱ्याची नव्हे, इंजिनाची आहे. आपल्या भाषेत मोटार ‘हाकतात’. हा शब्द बैलगाडीवरून आला हे उघड आहे. पण बैलाला क्लच लागत नाही. रुतलेल्या गाडीला बैल खांदा लावतो, मान ताणतो, जागच्या जागी उभा राहून सारे बळ जुवावर टाकतो. गाडी तसूभरही हलली नाही तरी त्याचे बळ शाबूत असते. वाफेच्या इंजिनाचेही तसेच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली, तेव्हा चालकाने वाफेची झडप हळूहळू उघडली असेल, एवढेच. उभ्या दट्ट्यावरही वाफ पूर्ण जोराने रेटते. विजेच्या मोटरचा जोर तर उभ्या स्थितीतच सर्वांत जास्त. मुंबईत ७ मे १९०७ ला विजेची ट्राम सुरू झाली. तिच्या चालकापुढे एक दांडा होता आणि पायाखाली घंटी. इंधनतेलाच्या इंजिनाची गोष्ट निराळी. ते उभे असले म्हणजे मेलेले असते. मिनिटाला काही शे फेरे घेऊ लागल्यावाचून त्याच्या अंगात बळ येत नाही, आणि चाके तर थांबलेली असतात. पळत्या माणसाने उभ्या माणसाचा हात धरावा आणि दोघांपैकी कोणीही पडू नये, असा हा पेच आहे. क्लच म्हणजे तो हात धरण्याची युक्ती.

ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे, आणि मुंबईला ती मोटारीच्या आधी माहीत होती. कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ साली मुंबईत कापडाच्या गिरणीची स्थापना केली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभे राहिले. तिथल्या साच्यांना प्रत्येकी इंजिन नव्हते. एक मोठे वाफेचे इंजिन, त्यावर फिरणारा छताखालचा लांबलचक शाफ्ट, आणि त्या शाफ्टवरून प्रत्येक साच्यावर उतरलेला चामड्याचा पट्टा. साच्याच्या टोकाला शेजारी शेजारी दोन पुल्या असत. एक पक्की, साच्याला जखडलेली. दुसरी मोकळी, नुसती गरगरणारी. कामगाराने मूठ ओढली, की पट्टा मोकळ्या पुलीवरून पक्कीवर सरके आणि साचा चालू होई. सूत तुटले की मूठ मागे. पट्टा पुन्हा मोकळ्या पुलीवर. वरचा शाफ्ट मात्र दिवसभर थांबत नसे. कोकणातून, घाटावरून आलेल्या हजारो साचेवाल्यांच्या हाताला ही हालचाल दिवसातून किती वेळा करावी लागत असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पिठाच्या गिरणीतही पुष्कळ वर्षे हेच होते: बाहेर टकटकणारे ऑइल इंजिन, आत जाते, आणि मध्ये फडफडणारा पट्टा. त्याला कोणी क्लच म्हटले नाही, पण तो क्लचच होता.

कार्ल बेंझने ह्याच पट्ट्याला रस्त्यावर आणले. २९ जानेवारी १८८६ ही तारीख पडलेल्या पेटंटाची त्याची तीनचाकी, हिच्यात पेडल दाबून सोडायचा क्लच नव्हता. एक पट्टा होता, एक मोकळी पुली, एक पक्की, आणि पट्टा सरकवणारा दांडा. जर्मनीच्या मानहाइम गावातल्या त्या गाडीला गिरणीतला साचा चाके लावून बाहेर पडला म्हटले तर फारसे चुकणार नाही. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न विचारता, मानहाइमहून आपल्या माहेरी फॉर्त्सहाइमला शंभरावर किलोमीटर गेली. वाटेत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांच्यावर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या इतिहासात चांभाराचे नाव कुठे सापडत नाही. तरी पुढची वीस-पंचवीस वर्षे मोटारी चालल्या त्या बऱ्याच अंशी त्याच्या मालावर.

कारण पट्टा लवकरच मागे पडला. १८९१ च्या सुमारास पॅरिसच्या पान्हार आणि लेव्हासोर ह्या कंपनीच्या एमिल लेव्हासोरने मोटारीची जी मांडणी केली, ती पुढे शंभर वर्षे मोडली नाही: इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे दातेरी चाकांची पेटी, आणि मग मागची चाके. दातेरी चाके एकमेकांवर सरकवून गती बदलायची ही रीत रानटी आहे, पण चालते, असे लेव्हासोर स्वतःच म्हणत असे, अशी आख्यायिका आहे. १८९५ च्या जूनमध्ये पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत पॅरिसला येण्याची शर्यत झाली. लेव्हासोरने अकराशे किलोमीटरहून अधिक अंतर ४८ तास ४८ मिनिटांत, जवळजवळ सारा वेळ स्वतः गाडी हाकून, तोडले. त्याच्या शौर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या पायाचे काय झाले असेल, हा विचार मला तरी चुकवता येत नाही.

त्या काळचा क्लच शंकूच्या आकाराचा असे. इंजिनाच्या जड चक्राला, म्हणजे फ्लायव्हीलला, आतून निमुळता खोलगट आकार दिलेला. त्यात नेमका बसेल असा दुसरा शंकू, त्याच्या अंगावर चामडे. एक दणकट स्प्रिंग त्या शंकूला आत रेटून धरी. पेडल दाबले की तो मागे सरके. चामडे नवे आणि मऊ असले तर काम गोडीने होई. ते तेलकट झाले की घसरू लागे, आणि वाळून कडक झाले की एकदम पकडून गाडीला उडी मारायला लावी. दोन्हींवर उपाय होते, आणि ते ऐकून आपल्या आजीबाईच्या बटव्याची आठवण यावी असे होते. घसरत्या क्लचला मुलतानी माती भुरभुरायची. आचके देणाऱ्याला एरंडेल पाजायचे. पाश्चात्त्य देशांतले पहिले शोफर हे औषधपाणी करीत. ‘शोफर’ ह्या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थच भट्टी पेटवणारा. गाडी हाकणे हे त्याच्या कामातले निम्मेच काम. उरलेले निम्मे तिची शुश्रूषा.

क्लच ‘नीट’ वापरणे म्हणजे काय, हा प्रश्न इथे प्रथम उभा राहतो. त्याचे उत्तर तेव्हापासून आजवर अनेकदा बदलले, आणि प्रत्येक वेळी आधीचे उत्तर पाठ केलेली माणसे मागे उरली.

चामड्याच्या शंकूवर ‘नीट’ म्हणजे पाय अत्यंत सावकाश सोडणे. पकड कुठे सुरू होते आणि कुठे पुरी होते, ह्यांतले अंतर अगदी थोडे, आणि तेही हवापाण्याप्रमाणे बदलणारे. शिवाय तो शंकू जड. पेडल दाबून त्याला सोडवले तरी तो स्वतःच्या वजनाने फिरतच राही, आणि गिअरची चाके एकमेकांत घालू जावे तर दाते किंचाळत. म्हणून थांबायचे, कान द्यायचा, दोन्ही चाकांच्या गती जुळल्याचा अंदाज आला की दांडा सरकवायचा. खालच्या गिअरमध्ये येताना तर दुहेरी क्लच: एकदा दाबून गिअर मोकळा करायचा, पाय सोडून इंजिनाला हलकासा झटका द्यायचा, पुन्हा दाबून खालचा गिअर टाकायचा, आणि पुन्हा सोडायचा. उतारावर, वळणावर, अंधारात, हे सारे दोन क्षणांत. ज्याला ते बिनआवाज जमे तो ड्रायव्हर. बाकीचे गाडीत बसलेले लोक.

हेन्री फोर्डला हे पटले नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्याने दात्यांचा सूर ओळखत बसावे, अशी त्याची इच्छा नव्हती. १९०८ च्या ऑक्टोबरात निघालेल्या त्याच्या ‘मॉडेल टी’ला तीन पेडले होती, पण आजचा चालक त्या गाडीत बसला तर पहिल्याच चौकात अपघात करील. डावे पेडल पूर्ण दाबले की खालची गती, अर्धे दाबले की गाडी मोकळी, पूर्ण सोडले की वरची गती. मधले पेडल गाडी मागे नेण्याचे. उजवे ब्रेकचे. इंजिनाचा वेग पायाने नव्हे, सुकाणूखालच्या दांडीने, हाताने वाढवायचा. १९२७ पर्यंत अशा दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. म्हणजे अर्ध्या अमेरिकेच्या डाव्या पायाने एक व्याकरण शिकले. आणि १९२७ अखेर फोर्डने ‘मॉडेल ए’ बाजारात आणली, ती चारचौघांसारखी साध्या क्लचची आणि सरकत्या गिअरांची. वीस वर्षे गाडी हाकलेल्या माणसांना पाय नव्याने शिकवावा लागला. भाषा बदलणे सोपे नसते. पायाची तर नाहीच.

त्याच फोर्डच्या घरातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. त्याची पत्नी क्लारा जी गाडी फिरवीत असे, ती ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ नावाची, विजेच्या बॅटरीवर चालणारी होती. तिला हॅण्डल मारावे लागत नसे आणि क्लचही नव्हता. त्या काळी अमेरिकेत विजेच्या गाड्या बायकांसाठी म्हणून विकल्या जात. ह्यात बायकांच्या सोयीचा विचार किती आणि क्लच हे पुरुषांचे काम ही समजूत किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मला दुसरी गोष्ट अधिक दिसते.

यंत्रात सुधारणा होत गेल्या. इंग्लंडात डर्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने १८९७ च्या सुमारास ब्रेकसाठी टिकाऊ अस्तर बनवण्याचा उद्योग आरंभला. घोडागाडीवाले उतारावर चाकाला जुना बूट लावतात, हे पाहून त्याला ही कल्पना सुचली म्हणतात. त्याच्या नावाची अक्षरे उलटसुलट करून, आणि पत्नीच्या नावातले एक अक्षर जोडून, ‘फेरोडो’ हे नाव झाले. ह्या अस्तरात पुढे अ‍ॅस्बेस्टॉस आले, आणि तेच क्लचमध्येही शिरले. चामडे करपत असे. अ‍ॅस्बेस्टॉस करपत नव्हते. शंकू जाऊन सपाट तबकडी आली: एका बाजूला फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांनी दाबलेली प्रेशर प्लेट, आणि दोहोंच्या मध्ये चिमटीत धरलेली क्लच प्लेट. ही तबकडी हलकी, चटकन थांबणारी, आणि पकडीला समजूतदार. मात्र अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांत बसते आणि पुढे अनेक वर्षांनी जीव घेते, हे कळायला आणि कळल्यावर मानायला फार वेळ गेला. ब्रिटनने त्यावर पुरी बंदी घातली ती १९९९ साली. तोवर जगभरच्या गॅरेजांतली पोरे क्लच उघडला की फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने ती धूळ उडवीत आली. आपल्या डाव्या पायाच्या सुखाची ही किंमत दुसऱ्या कोणाच्या छातीतून गेली आहे.

१९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने ‘सिंक्रोमेश’ गिअर आणले. दाते गुंतण्यापूर्वी पितळेची लहानशी कडी दोन्ही चाकांच्या गती घासून जुळवून घेतात. म्हणजे मघाशी कानाने जे काम केले ते आता पितळ करू लागले. दुहेरी क्लचची गरज संपली. पण संपली असे कागदावर म्हणावे. बऱ्याच गाड्यांच्या पहिल्या गिअरला ही सोय पुढे कित्येक वर्षे नव्हती. आणि जड ट्रकांना तर तिची वाट आणखी पाहावी लागली. म्हणून ज्यांनी ट्रकवर पाय घडवला, ते मोटारीतही दोनदा क्लच दाबत राहिले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनीही तेच उचलले. सोवळ्याचे कारण विसरले तरी सोवळे राहते, त्यातला हा प्रकार.

आता आपल्या मुलखाकडे येतो, कारण क्लचची खरी परीक्षा सपाट रस्त्यावर होत नाही. कोकणातून देशावर चढताना सह्याद्री आडवा येतो. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना खुला झाला. तो तोफा आणि बैलगाड्या ह्यांच्यासाठी होता. मोटारीची त्यावेळी कल्पनाही नव्हती. त्याच रस्त्यावर पुढे मोटारी आल्या, ट्रक आले, आणि मुंबई–पुणे वाहतूक वाढत गेली. १५ जुलै १९२६ ला मुंबईत बस सुरू झाली, ती अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत, म्हणजे समुद्रकाठच्या सपाटीवर. पण १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. निघाली, आणि थोड्याच वर्षांत ह्या लाल गाड्या फोंडा, आंबा, कुंभार्ली, वरंध असे एकेक घाट चढू लागल्या. बस भरलेली, टपावर बोजे, वळण अर्धवर्तुळाकार, आणि समोरून उतरणारा ट्रक म्हणून वळणावरच थांबावे लागलेले. तिथून गाडी पुन्हा उचलायची.

ही उचल कशी होते? हातब्रेक ओढलेला. पहिला गिअर. पाय हळूहळू वर. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो, सारी गाडी दम धरल्यासारखी होते. प्लेट पकडू लागल्याची ती खूण. तिथे पाय थांबवायचा, उजव्या पायाने थोडे इंधन द्यायचे, आणि हातब्रेक सोडायचा. त्या खुणेच्या अलीकडे सोडला तर गाडी मागे घसरते, पलीकडे गेला तर इंजिन मरते. ड्रायव्हर मंडळी ह्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात. ह्या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याची खटपट कोणी केली नाही हे बरेच झाले.

हाफ क्लच ही कला आहे आणि दुर्गुणही. ह्यातले गणित मोठे मौजेचे आहे. समजा, इंजिनाची गती एकसारखी ठेवून उभी गाडी क्लच घसरवत घसरवत त्या गतीला आणली. रस्त्याचे घर्षण बाजूला ठेवले, तर इंजिनाने ह्या कामी जेवढी ऊर्जा खर्च केली तिच्यातली बरोबर निम्मी गाडीला मिळते, आणि निम्मी क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. पाय सावकाश सोडला काय किंवा चटकन सोडला काय, सपाट रस्त्यावर हा निम्मानिम्मा वाटा बदलत नाही. मग माणसाच्या हाती काय राहते? इंजिनाची गती. ती दुप्पट ठेवली तर उष्णता चौपट होते. म्हणून नवशिका इंजिनाला घुमवतो, तेव्हा शेजारचा उस्ताद ‘रेस नको देऊ’ म्हणून ओरडतो. त्याला हा वर्गाचा नियम ठाऊक नसतो, पण जळक्या प्लेटीचा वास ठाऊक असतो. चढावर हिशेब आणखी कडक. ब्रेक न लावता नुसत्या हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरणारे शूर लोक असतात. गाडी एक इंचही पुढे सरकत नाही. म्हणजे क्लचकडे आलेले इंजिनाचे सारे काम प्लेटीतच जळत असते. बोरघाटात अमृतांजन पुलाखाली जेव्हा गाड्यांची कोंडी होई, तेव्हा हा वास काचा लावूनही आत येई. १८३० सालचा तो पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला. वास अजून संपलेला नाही.

ट्रकवर ही विद्या शिकवण्याची एक परंपराच होती. उस्ताद, आणि त्याच्या हाताखाली क्लीनर, ज्याला बोलीत ‘किन्नर’ म्हणतात. क्लीनरने आधी वर्ष-दोन वर्षे चाकांना दगड लावायचे, काच पुसायची, चहा आणायचा, आणि उस्तादाचे पाय बघायचे. शिकवणे असे फारसे नसे. रात्री, रिकाम्या रस्त्यावर, ट्रकमध्ये माल नसताना, केव्हातरी उस्ताद सीटवरून सरके. ह्या शाळेत पुस्तक नव्हते, पण शिस्त होती. पेडलवर पाय ठेवून बसू नकोस. गाडी थांबली की गिअर मोकळा कर, क्लच दाबून उभा राहू नकोस. उतारावर क्लच दाबून गाडी सोडू नकोस. ह्यांतला प्रत्येक नियम कोणत्या तरी यंत्राच्या दुखण्यातून आलेला असे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत क्लच सोडवण्यासाठी कार्बनचे कडे असे. पाय नुसता टेकला तरी ते घासून झिजे, म्हणून पहिला नियम. आज त्या जागी बॉलबेअरिंग असते आणि ते बरेच सोसते. तरी नियम टिकला, आणि तो टिकला हे योग्यच झाले, कारण अर्धवट दाबलेल्या पेडलवर प्लेटही घसरतेच. उतारावरचा नियम मात्र कोणत्याच सुधारणेने जुना झाला नाही. क्लच दाबला की इंजिनाची अडवणूक सुटते, सारे वजन ब्रेकवर येते, ब्रेक तापतात आणि हात टेकतात. घाटातल्या कित्येक दऱ्यांना ह्याची उदाहरणे माहीत आहेत.

प्लेट जळली म्हणजे दोष ड्रायव्हरच्या पायाचा, हा मालकांचा सार्वत्रिक सिद्धांत. वजनापेक्षा अधिक माल भरला होता, प्लेटीची मुदत केव्हाच संपली होती, स्प्रिंगा ढिल्या झाल्या होत्या, ह्या गोष्टी पुढे येत नाहीत. पायाला साक्षीदार नसतो.

शहरातल्या शिकणाऱ्यांचा उस्ताद निराळा. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट मोटारी निघू लागल्या, आणि पुढे पद्मिनी ह्या नावाने त्याच चालू राहिल्या. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर, बाक सलग, पेडल बऱ्यापैकी कडक. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या दोन पिढ्यांचा डावा पाय ह्या गाडीने घडवला. लालबाग ते फोर्ट एवढ्या वाटेत, सिग्नलमागे सिग्नल, क्लच किती वेळा दाबला जात असेल! उत्तर प्रदेशातून, कोकणातून, मंगळुराकडून आलेली ही माणसे संध्याकाळी पाय चेपत बसत. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. वर्तमानपत्रांनी काळ्यापिवळ्या रंगाबद्दल हळहळ व्यक्त केली. गुडघ्यांबद्दल कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुण्याने क्लच पायाऐवजी हाताने शिकला. बजाजची चेतक स्कूटर १९७२ साली आली. डाव्या मुठीत क्लच, आणि तीच मूठ पिरगाळून गिअर. घरातल्या कर्त्या पुरुषाने ती तिरकी करून लाथ मारायची, मागे बायको, पुढे एक मूल उभे, ही त्या काळची कुटुंबव्यवस्था. चेतक पुढे स्वतःच चालवायची असे किती बायकांनी ठरवले आणि किती जणींना घरात ‘ती जड आहे, क्लच आहे’ म्हणून परावृत्त केले गेले, हे सांगता येत नाही; पण जेव्हा लुना आली, आणि १९८४ साली कायनेटिक होंडा आली, तेव्हा पुण्याचे रस्ते बदलले. कायनेटिक होंडाच्या पोटातला क्लच वेग वाढला की आपोआप बाहेर फेकला जाऊन पकडतो. मुठीला त्याचे काही करावे लागत नाही. प्राध्यापिका, परिचारिका, कारकून मुली, क्लासला जाणाऱ्या कॉलेजकन्यका ह्यांनी गिअर नसलेल्या गाड्यांवरून शहर काबीज केले. जुने जाणते ड्रायव्हर अशा गाड्यांना हसत. ही काय गाडी, नुसते खेळणे, असे म्हणत. क्लच येणे हा एक जिना होता आणि पुष्कळ जणींना त्याच्या पायथ्याशीच थांबवले जात होते. जिना काढून टाकल्यावर वरचे लोक नाराज होणारच. क्लाराच्या गाडीत मला दिसलेली दुसरी गोष्ट ती हीच.

मोटारींतही तेच घडत आले. अमेरिकेत ओल्ड्समोबिलने १९४० च्या गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ काढून डाव्या पायाला पूर्ण रजा दिली. आपल्याकडे ही चैन फार थोड्यांची होती. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० हाती आली, तिचा क्लच हलका होता एवढ्यावरच मध्यमवर्ग खूष झाला. मोटार-शाळांनी जुन्या फियाट विकून ह्या घेतल्या, शिक्षकाच्या पायाखाली जादा पेडले बसवली. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत स्वस्तातला ‘एएमटी’ आणला. ह्यात गंमत अशी, की प्लेट तीच, प्रेशर प्लेट तीच, गिअरची पेटीही जवळजवळ तीच. फक्त पेडल दाबायला एक यंत्र बसवले आहे. चढावर हेही यंत्र प्लेट जाळते, आणि तेव्हा दोष कोणाच्या पायाचा हे मालकाला सांगता येत नाही.

विजेच्या गाडीत मात्र प्लेटच नाही. चेतक हे नाव २०२० साली पुण्यात पुन्हा रस्त्यावर आले, ते विजेच्या स्कूटरवर, बिनक्लचचे. मुंबईत ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम दादरला गेली, तेव्हा क्लच नसलेले वाहन रस्त्यावरून हद्दपार झाले असे वाटले होते. २०२३ साली बेस्टने जुन्या डिझेलच्या दुमजली बस मोडीत काढल्या आणि विजेच्या आणल्या. तिचा ड्रायव्हर ट्रामच्या मोटरमनच्या पंक्तीला बसला आहे. डिझेलवर वीस वर्षे काढलेल्या ड्रायव्हरचा डावा पाय, थांबा जवळ आला की अजूनही किंचित पुढे सरकतो आणि रिकाम्या जागेला लागून परत येतो, असे मी समोरच्या बाकावर बसून पाहिले आहे.

कायद्याने ह्या पायाची दखल एकाच बाबतीत घेतली. दुचाकीचा परवाना आपल्याकडे दोन तऱ्हेचा मिळतो, गिअरवाल्या गाडीचा आणि बिनगिअरच्या गाडीचा. हलक्या मोटारीच्या परवान्यात तसा भेद नाही. आयुष्यात कधी क्लच न दाबलेल्या माणसाला तो मिळाला, तर खंडाळ्याच्या चढावर जुनी, गिअरची मोटार घेऊन उभे राहण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.